चार जादा तास

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत नळाचा पाइप टाकायला खड्डा खणला. खणणारे दिवस मावळता निघून गेले आणि खड्डा तसाच उघडा राहिला. लांबी नऊ फूट, रुंदी अडीच, खोली माझ्या कमरेच्या वर चार बोटं. मी मोजणी खात्यात नोकरी करतो, त्यामुळे खड्डा दिसला की आधी मोजतो. मोजून झाल्यावर घरात आलो, ओसरीवरची बाज उचलली, खड्ड्याच्या तोंडाशी आडवी नेऊन ठेवली आणि तिच्या पायाला एक लाल फडकं बांधलं. बायको दारातून पाहत होती.

"त्या खड्ड्याची राखन घेतली काय तुमी? गल्लीत दुसरी मानसं नाहीत? मोठे शायने लागून गेले!"

मला राग आला नाही. मी बाजेच्या काठाला टेकून तिथंच उभा राहिलो. बायकोच्या माहेरी आणि माझ्या बोरी अरबलाही शहाण्या माणसाला कोणी शहाणा म्हणत नाही. विचारलं नसताना जो मध्ये पडतो त्याला शायना म्हणतात. आमच्याकडे हा शब्द शिवीच्या एक पायरी खाली आहे. आणि याच शब्दाच्या पाठीमागे आम्ही काही जण चोवीस वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत लागलो होतो. हाच महिना. मारेगावच्या वाटेवर आता जसा पळस पेटलाय तसाच तेव्हाही पेटला होता. सकाळी अंगावर चादर हवीशी आणि दुपारी सदरा नकोसा, असे दिवस.

तेव्हा मी यवतमाळात वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतो. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. आमच्या हातात आलेल्या जुन्या पुस्तकांवर मध्य प्रदेशचे शिक्के होते, त्यावर कोणीतरी शाईने मुंबई लिहिलेलं, आणि मुंबई खोडून आम्ही महाराष्ट्र लिहिलं. बोरी अरब ते यवतमाळ एवढ्या टापूबाहेर न जाता माझं तीन राज्यांत राहून झालं होतं. मला या गोष्टीचं फार नवल वाटे. माणूस जागचा हलत नाही आणि त्याच्यावरचा कायदा बदलतो, हे कसं, म्हणून तर मी या वर्गात नाव घातलं होतं.

वर्ग सकाळी सातला भरे, कारण शिकवणारे सगळे वकील आणि अकराला त्यांना कोर्टात उभं राहायचं असे. खोल्या एका शाळेच्या उसन्या घेतलेल्या. बाक लहान मुलांचे. आम्ही पदवी घेतलेले गडी गुडघे तिरपे करून बसायचो. जवळच कापसाचं जिन होतं. पहाटेपासून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आत शिरत, आणि हवेत उडणारी रुई खिडकीच्या गजांना चिकटून राही. मी दौतीचं झाकण उघडं ठेवलं की तीत रुईचा तंतू पडे आणि टाक कागदावर मिशी काढत जाई. आजही कुठं सरकीचा वास आला की मला करारनाम्याची कलमं आठवतात.

त्या वर्षी आम्हाला कायद्याची अशी काही बाधा झाली होती की रस्त्याने सरळ चालवत नसे. पेरूवाली टोपली मांडून बसली आहे, तर ती विकायला तयार आहे असं समजायचं, की आम्हीच आधी मागणी घालायची? दारव्ह्याच्या गाडीला हात दाखवला आणि गाडी थांबली नाही, तर करार मोडला, की झालाच नव्हता? एकाचा बैल दुसऱ्याच्या तुरीत शिरला आणि तूर खाऊन फुगून मेला, तर भरपाईसाठी कोणी कोणाकडे पाहायचं? या शेवटच्या प्रश्नावर आम्ही तिघा-चौघांनी एक अख्खा रविवार घालवला. ज्याचा बैल खरोखर मेला होता तो शेतकरी शेजारीच चहा पीत होता. उठताना तो म्हणाला, "बाप्पा, तुमी भांडा. मी घरी जातो."

हबीब माझ्या शेजारी बसे. माझा नंबर एकतीस, त्याचा बत्तीस. त्याच्या वडिलांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि हबीबच्या नखांतलं काळं वंगण कधी पूर्ण निघत नसे. टॉर्ट म्हणजे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान केल्याबद्दलचा कायदा. तो विषय आहे असं त्याने घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "टॉर्चका भी कायदा हाये काय?" हे तो आम्हाला रोज नव्याने करून दाखवायचा. पण वडिलांचं दुसरं एक वाक्य तो फक्त एकदाच बोलला. "अब्बानं एक साल देल्लं. टरम गेली तं पाना धराचा."

टर्म जाणं म्हणजे हजेरी कमी भरणं. शंभरात पंचाहत्तर भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत, वर्ष फुकट. हबीबला हजेरी भरणं अवघड जाई, कारण रब्बीत कुठल्यातरी गावचं इंजिन बंद पडलं की वडील त्याला पहाटेच सायकलवर पिटाळत. माझ्या खिशात एक लहान वही असे. तीत मी रोजची हजेरी लिहायचो, माझी आणि त्याचीही. म्हणून वर्गात माझं नाव पटवारी पडलं.

एक रीत सांगायला हवी. हजेरी दिवसातून एकदाच होई; सर नुसते नंबर पुकारत आणि वर पाहत नसत. जो आला नसेल त्याची 'येस सर' त्याच्या पुढचा किंवा मागचा आवाज बदलून देई. वर्गात कोणालाच यात वावगं वाटत नव्हतं. मी मात्र ती कधी दिली नाही. हबीबने कधी मागितलीही नाही. एकदाच म्हणाला होता, "पटवारी, तुह्या शेजारी नंबर येनं म्हंजे नशीबच फुटलं माह्यं," आणि हसला होता.

फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात वर्षाचे एकशे सत्तावन्न दिवस झाले होते, तीन उरले होते. एकशे साठाला एकशे वीस लागतात. हबीबची एकशे सतरा भरली होती. तीनही दिवस यायलाच हवं होतं. मी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "हाव रे बाबा. तीन दिवस मी वर्गातच झोपतो."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. त्या वर्षी धुकं शिवरात्रीपर्यंत रेंगाळलं. माझ्या खोलीपासून वर्गापर्यंत एक हजार एकशे चाळीस पावलं, आणि जिनाच्या वळणावर मी रोज सहा अठ्ठेचाळीसला असे. त्या वळणावर विजेच्या खांबासाठी कोणी आदल्या संध्याकाळी खड्डा खणून ठेवला होता. रुंदी जेमतेम अडीच फूट, पण चांगला खोल, आणि अगदी बंड्या जिथून आत वळतात तिथंच. माझ्यापुढे एक दूधवाला त्याला वळसा घालून गेला. मग एक शाळेचा शिपाई. मग डोक्यावर डबा घेतलेला जिनातला एक मजूर. मग मी. मला खड्डा स्वच्छ दिसला. पाठीमागून धुक्यात बैलांच्या गळ्यातली घुंगरंही ऐकू आली. पहाटेच्या बंड्यांचे गाडीवान कापसावर झोपलेले असतात आणि बैल पायाखालच्या सवयीने जिन गाठतात, हेही मला माहीत होतं. कोणीतरी पाहील, असं मनात आलं. मग मी घड्याळ पाहिलं आणि चालू लागलो.

वर्गात टॉर्टचाच तास होता. सरांनी पुकारलं, "एकतीस." मी येस सर म्हटलं. "बत्तीस." शेजारची जागा रिकामी होती. मागून कोणीतरी माझ्या पाठीत पेन्सिल टोचली. सरांनी पुन्हा म्हटलं, "बत्तीस?" मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी बाकावरच्या दौतीच्या भोकाकडे पाहत राहिलो. सरांच्या टाकाचा कागदावर ओढल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो गैरहजेरीचा आवाज हजेरीपेक्षा लांब होता, का ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी सर 'रीझनेबल मॅन' शिकवत होते. निष्काळजीपणा कशाला म्हणायचं हे ठरवायला कायदा एक मापाचा माणूस धरतो. त्या जागी तो कसा वागला असता, यावरून बाकीच्यांना जोखायचं. इंग्रजी पुस्तकात हा माणूस लंडनच्या बसने जातो. "आपल्याकडे दारव्ह्याच्या गाडीने जात असेल, सर," एक जण म्हणाला. सर म्हणाले, "मग तो तारखेला पोचायचा नाही." त्यांनी फळ्यावर लिहिलं: शहाणा माणूस. वर्गात जो हशा पिकला तो सरांना आधी कळलाच नाही. ते पुण्याकडून आलेले. कोणीतरी समजावलं तेव्हा त्यांनी तो शब्द पुसला आणि दुसरा लिहिला नाही.

मग त्यांनी विचारलं, "रस्त्यात उघडा खड्डा आहे. वाटसरूने पाहिला आणि कोणाला न सांगता निघून गेला. पुढे कोणी पडलं. वाटसरूवर दावा चालेल?" मी टाक दौतीत बुडवला. सरांनीच उत्तर दिलं. "नाही चालणार. खड्डा त्याने खणला नाही. परक्याला सावध करायचं बंधन कायद्याने त्याच्यावर टाकलेलं नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तास संपल्यावर मी आल्या वाटेने मागे गेलो. हबीब वळणावरच होता. सायकल खड्ड्यावर आडवी, तिच्यावर बाभळीच्या दोन फांद्या. हाताला काटे लागून रक्त आलं होतं. समोर एक गाडीवान बंडीवर बसूनच त्याच्याशी भांडत होता.

"काहून आडवा येऊन राह्यला बे? रस्ता तुह्या बापाचा हाये?"

"खड्डा हाये, काका. तुमी झोपून राह्यले, बैलाचा पाय मोडन ना."

"माह्या बैलाले तुह्यापेक्षा जास्त दिसते! मोठा शायना!"

"हाव, शायना हावो मी. तुमी उजवीकडून घ्या."

बंडी उजवीकडून गेली. गाडीवानाने वरून खड्ड्यात डोकावून पाहिलं, आणि मग तो जिनाच्या फाटकापर्यंत कासरा हातात धरून गेला.

"कितवी बंडी?" मी विचारलं.

"मोजायले तू नोयता इथं," हबीब म्हणाला. त्याने खांबवाल्यांच्या मुकादमाला निरोप धाडला होता आणि माणूस येईपर्यंत हलणार नव्हता. थोड्या वेळाने तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तू अठ्ठेचाळीसले इथून जातं ना रोज? धुकं होतं म्हना. दिसला नसन तुले."

त्याने मला वाट करून दिली होती. मी म्हटलं, "दिसला होता."

"बरं," तो म्हणाला, आणि फांदी सरळ करू लागला.

खोलीवर येऊन मी वही उघडली. माझी हजेरी एकशे अठ्ठावन्न पैकी एकशे अठ्ठावन्न. मला लागत होती एकशे वीस. म्हणजे त्या दिवशी मी सकाळभर खड्ड्याशी बसलो असतो, तरी सदतीस दिवस माझ्याकडे जास्तीचे होते. हबीबकडे एकही नव्हता. हे आकडे मीच लिहिलेले होते, रोज, सुवाच्य अक्षरात, आणि वळणावर मला त्यांतला एकही आठवला नव्हता.

पुढचे दोन दिवस हबीब आला. एकशे साठ पैकी एकशे एकोणीस. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोर्टात गेलो आणि वकिलांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात सरांना गाठलं. झालं ते सांगितलं.

"तो तिथं उभा होता हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"खड्डा मी पाहिला होता, सर. त्याच्याही आधी."

"मग?"

"मग मी वर्गात आलो."

सरांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. कोटावर सकाळचा खडू होता, तो काचेला लागला. "कायद्याने तुमचा काही दोष नाही," ते म्हणाले.

"हो सर. तुम्ही त्याच दिवशी शिकवलंत."

"जो नव्हता त्याला होता असं मला लिहिता येणार नाही."

"तसं नको, सर. चार जादा तास हवेत." मी वहीचं पान पुढे केलं.

"एक घेतो की. एकच कमी आहे ना?"

मी त्यांना दाखवलं. एक तास वाढवला की एकूणही वाढतं. एकशे एकसष्टाला हबीबची एकशे वीस, म्हणजे पाऊण हजेरी कमीच. दोन वाढवले तर अर्धी कमी. तीन वाढवले तर पाव. चौथ्या तासाला एकशे चौसष्ट पैकी एकशे तेवीस, बरोबर पंचाहत्तर. सरांनी ते बोटांवर पुन्हा केलं. मग मला विचारलं, "चार तास शिकवू काय? विषय तर संपला."

"सर, तो रीझनेबल मॅन अजून मराठीत आलेला नाही."

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून दुसऱ्या दिवशीची नोटीस लिहायला कागद काढला.

त्या चार सकाळी पहिल्या दिवशी अकरा जण आले, मग चौदा, मग एकोणीस, शेवटच्या दिवशी पुन्हा चौदा. हजेरी कमी पडलेले आधी आले, मग काय चाललंय हे बघायला आलेले. परीक्षा तोंडावर असताना आम्ही एका शब्दामागे लागलो होतो, आणि इतक्या मोकळ्या मनाने मी त्या वर्षी दुसरं काही शिकलो नाही. 'वाजवी माणूस' पहिल्याच दिवशी बाद झाला. वाजवी भाव असतो, माणूस नसतो. हबीबने 'समजदार' आणला. त्यावर मागच्या बाकाचं म्हणणं, समजदार मुलगी असते, तीही लग्न ठरवताना. 'सरळमार्गी' कोणीतरी दिला. सर म्हणाले, सरळमार्गी माणूस सरळ खड्ड्यात जाईल. चौथ्या दिवशी मी हात वर केला. "चारचौघांतला माणूस."

सरांनी खडू उचलला. मग त्यांनी तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. सगळ्यांनी बाक वाजवले. मला फार बरं वाटलं. दिलेला शब्द खरोखर मापाचा होता. आजही मी तोच देईन.

मग हबीब उभा राहिला. "सर, मले एक इचाराचं हाये. त्या खड्ड्याजवळून चारचौघं गेलते. पाहून गेलते. मंग तिथं जो थांबला त्याले काय म्हनाचं?"

तो माझ्याकडे पाहत नव्हता. टोमणाही नव्हता त्यात, मी त्याचा आवाज ओळखतो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मलाही.

सर म्हणाले, "त्याच्यासाठी कायद्यात शब्द नाही, हबीब. कायद्याला त्याची गरज पडत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "शायना!" वर्ग पुन्हा हसला आणि सगळ्यांत जास्त हबीब हसला. त्यानंतर सरांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. त्या दिवशी ते शेवटी घेतलं होतं. बत्तीस नंबरला त्याने स्वतःच येस सर म्हटलं. मी वहीत एकशे तेवीस लिहिलं.

आम्ही दोघं परीक्षेला बसलो. टॉर्टमध्ये मला एकसष्ट पडले, त्याला सत्तेचाळीस. त्याने पुढे वकिली केली, पुसदला अजून करतो. मी दुसऱ्या वर्षानंतर मोजणीत लागलो आणि जमिनींच्या हद्दी दाखवत जिल्हाभर फिरलो. वर्षातून दोनदा त्याचं कार्ड येतं, दोनदा माझं जातं. त्या सकाळबद्दल आम्ही कधी लिहिलं नाही. विषय निघाला नाही, एवढंच. पण उघड्या खड्ड्याशी आलो की माझे पाय अजून अडखळतात. त्या बंड्या किती होत्या हे मला कधीच कळलं नाही, आणि माझ्या वहीत तेवढी एकच जागा कोरी आहे.

बाज ठेवली त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी पडलं नाही. कदाचित एरवीही कोणी पडलं नसतं. हे सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपवाले आले, बाज परत घरात आली, बायकोने फडकं धुऊन टाकलं. मी हबीबला कार्ड लिहिलं. खड्ड्याची लांबी-रुंदी लिहिली, बाजेचं लिहिलं, आणि बायको काय म्हणाली तेही तिच्याच शब्दांत लिहिलं. आणखी काही लिहिलं नाही.

काल त्याचं उत्तर आलं. कार्डावर पत्ता नीट, वर तारीख, मजकुराच्या जागी एकच ओळ. नखात अजून वंगण असावं, कोपऱ्यात काळं बोट उमटलं होतं.

"एकतीस — येस सर."